एकटा ठोका

ढोलाला दोन तोंडं असतात. दोन्ही तोंडांसमोर एकेक माइक ठेवून दोघांचंही म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं, तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. काठी पडते तेव्हा या बाजूचं कातडं आत जातं आणि त्या बाजूचं बाहेर येतं. दोन माइक एकाच घटनेची दोन उलटी वर्णनं करतात आणि ती एकत्र आणली की एक दुसऱ्याला खोडून टाकतं. उरतो तो खोकल्यासारखा कोरडा आवाज. कुंदन पाटील हे पुण्यात शिकला होता. त्यावरचा उपायही तिथेच शिकला होता: एका माइकचं म्हणणं उलटं करून घ्यायचं, मग दोन्ही बाजू एकत्र नांदतात. या उपायाचं त्याला त्या वेळी फार अप्रूप वाटलं होतं. जगात जे जे परस्परांना खोडतं ते असं एका बटणानं जुळवता येत असावं, असं वाटण्याचं ते वय होतं.

पुढे तो परत आला. आपल्या गावी, ब्राह्मणपुरीला, शेतीत त्याचं मन रमण्यासारखं नव्हतं, म्हणून चुलतभाऊ नवनीतनं तळोद्यात डीजेचं सामान ठेवायला घेतलेल्या गोदामावरची खोली त्यानं मागून घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. लग्नसराईत खाली भोंगे थरथरत आणि वर गाद्यांमधला कापूस हळूहळू गळत राही.

त्या खोलीत होळीच्या आधी एके दिवशी रिना आली. ती आश्रमशाळेत शिकवायची. तिचं कुटुंब मूळचं सातपुड्याच्या पोटातलं, मोठ्या नदीच्या अगदी काठावरच्या गावातलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा सगळं गाव ट्रकांत बसून तळोद्याजवळच्या सपाटीवर वसाहतीत आलं. रिना त्या वेळी कडेवर होती.

"माझ्या आज्याचा ढोल रेकॉर्ड करायचा आहे," ती म्हणाली. "हात थरथरतो त्यांचा. डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार. या होळीनंतर ते ढोल खाली ठेवणार आहेत."

"एवढंच ना? होईल की, रिनाताई."

वसाहतीतली घरं वहीत आखल्यासारखी सरळ रांगांत उभी होती आणि रांग संपली की पपईची शेतं सुरू होत होती. रिनाचा आजा, बाज्या, अंगणात शेकोटीशी ढोल धरून कातडं तापवत बसला होता. कुंदननं बराच वेळ माइक निवडण्यात घालवला. काठीच्या तोंडासमोर त्यानं लग्नात वापरायचा जाड, दणकट माइक लावला, कारण तिथून आवाजाबरोबर वाऱ्याचा धक्काही येतो. तळहाताच्या तोंडाकडे पुण्याहून आणलेल्या दोन नाजूक माइकांपैकी एक, जरा तिरका, बोटं घासल्याचंही ऐकेल असा. दुसरा उंच दांड्यावर, वादकाच्या डोक्याच्या वर; तो वाजवणाऱ्याच्या कानांना जे ऐकू येतं त्याच्या जवळ जाणारं काही देतो, असा त्याचा अनुभव होता.

"बाबा, एक ठोका मारा," तो म्हणाला. "एकच. मारा आणि थांबा. आवाज किती येतो ते बघू द्या."

रिनानं ते आपल्या बोलीत सांगितलं. बाज्या हसला, उठला, ढोल गळ्यात घातला आणि सगळाच ताल वाजवू लागला.

"एकच, बाबा."

"एकटा ठोका ते मारणार नाहीत," रिना म्हणाली. "तुम्ही असंच मोजून घ्या ना."

कुंदनला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं नसावं. त्यानं आग्रह केला नाही.

बाज्या वाजवत राहिला आणि कुंदन कानांवर हेडफोन चढवून त्या आवाजात बुडत गेला. एक गोष्ट मात्र त्याला खुपत होती. तालाचं प्रत्येक आवर्तन संपलं की बाज्याची काठी वरच थांबायची. एक श्वास घ्यावा इतकाच वेळ, पण तालातून निसटलेला वेळ. मग पुन्हा सुरुवात. कुंदननं त्या थरथरत्या मनगटाकडे पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं. घरी आल्यावर त्यानं संगणकावर ते सगळे थांबे एकेक करून कापून काढले, ताल जुळवून घेतला आणि ते रिनाला पाठवून दिलं. ही लबाडी आहे असं त्याच्या मनात आलं नाही. दयेपोटीच त्यानं ते केलं. थकलेल्या हाताचा थकवा कुणाला ऐकू जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

दोन दिवसांनी रिनाचा फोन आला. "आजा विचारतात, हा वाजवणारा कोण आहे आणि याला जायचंय कुठे?"

कुंदन ओशाळला. मूळचं, न कापलेलं ध्वनिमुद्रण घेऊन तो वसाहतीत गेला आणि त्यानं ते अंगणात लावलं. बाज्या खाटेवर बसून ऐकत होता. पहिलं आवर्तन संपलं, थांबा आला, आणि बाज्यानं मान उत्तरेकडे वळवली. दुसरा थांबा आला, पुन्हा वळवली. तिकडे पपईच्या ओळी होत्या आणि विजेचा एक खांब होता.

"बाबा, तुम्ही इथे थांबता का?"

रिनानं विचारलं. "ते म्हणतात, मी कुठे थांबतो?"

"जुन्या गावात यांच्या समोर, त्या बाजूला काय होतं?"

रिनाला आठवण्यासारखं काही नव्हतं. तिनं आज्याला विचारलं आणि उत्तर सांगता सांगताच तिचा आवाज उतरला. "डोंगर होता. नदीच्या पलीकडे. आजा म्हणतात, तो जबाब द्यायचा."

म्हणजे ती जागा थकव्याची नव्हती. आवर्तन संपवून हा माणूस डोंगराच्या पडसादासाठी थांबत होता. डोंगर मागे राहिला, पाण्यापलीकडे गेला, आणि हात मात्र अजूनही त्याची पाळी त्याला देत होता. सपाटीवर जन्मलेल्या पोरांनी ती जागा केव्हाच बुजवून टाकली होती. त्यांचा ढोल नवनीतच्या गोदामातल्या भोंग्यांसारखाच सलग वाजत असे. एवढ्या वसाहतीत हा रिकामा श्वास फक्त एका थरथरत्या मनगटात शिल्लक होता आणि तोच कुंदननं कात्रीनं उडवला होता.

"आपण तिकडे जाऊ," तो म्हणाला. "त्या काठावर. तो जबाब मी तुम्हाला आणून देतो."

रिनानं हे वाक्य आज्याला सांगितलं. त्या संध्याकाळी बाज्यानं ढोलाच्या दोऱ्या नव्यानं ताणल्या, असं तिनं नंतर कळवलं.

जीप भटूची होती. तळोद्याहून डोंगरात माणसं पोहोचवण्यात त्याचा जन्म गेला होता आणि गप्प बसणं त्याला जमत नसे. मागच्या सीटवर बाज्या ढोलाला दोन्ही हातांनी धरून बसला होता, शेजारी रिना.

"डीजे सोडीसन आते ढोलना मांगे लागना का रे तू?" चढावर गियर बदलत भटूनं विचारलं.

"लागनू."

"आनि हाऊ काय शे?" त्यानं कुंदनच्या मांडीवरच्या लांब नळीच्या माइककडे मान उडवली. वारा अडवणारं केसाळ आवरण त्याच्यावर चढवलेलं होतं. "माइकले थंडी वाजी ऱ्हायनी का? स्वेटर घाली दिधं."

"वारा लागस त्याले."

"मन्ही बायकोबी आसंच सांगस मन्ही मायले," भटू म्हणाला आणि स्वतःच हसला. रिनाही हसली. बाज्यानं काय झालं ते विचारलं, तिनं सांगितलं, मग तोही हसला आणि काही तरी बोलला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मलापण एक शिवून द्या."

घाटात पळस फुलून विझत आला होता. रस्ता संपला तिथे भटूनं गाडी थांबवली. "आते पुढे गाडी जावाव नही. आठेच उतरा." मग त्यानंच ढोल खांद्यावर घेतला आणि वाटेभर कुरकुरत तो पाण्यापर्यंत आणून दिला.

पाणी हिरवं आणि जाड होतं. नदी म्हणावं असं त्यात काही वाहत नव्हतं. समोर, दुसऱ्या राज्याच्या हद्दीत, तो डोंगर उभा होता. कमरेपर्यंत बुडालेला, उघडा, कातळाची एक लांब भिंत मिरवणारा. वर कडेला चार-दोन झोपड्या दिसत होत्या. त्या उंचीवरचा पाडा पाण्यातून वाचला होता. बाज्यानं हात वर करून पाण्याच्या मध्यावर बोट दाखवलं. तिथे एका वठलेल्या मोहाचा शेंडा पाण्याबाहेर आला होता आणि त्यावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

"ते आमचं अंगण," रिना म्हणाली. हे तिनं आज्याकडून ऐकून सांगितलं, की स्वतःच ओळखलं, ते कुंदनला कळलं नाही.

त्यानं माइक लावले. ढोलाच्या दोन तोंडांना दोन, वर दांड्यावर एक, आणि लांब नळीचा माइक पाण्याच्या कडेला, खडकांत घट्ट रोवून, नेम धरल्यासारखा समोरच्या कातळावर रोखलेला. हा चौथा माइक ढोलासाठी नव्हताच. तो जबाबासाठी होता. हेडफोनमध्ये आधी फक्त पाण्याचं चाटणं होतं, मग खूप लांबवरची एक शेळी, मग तीही नाही.

बाज्यानं ढोल गळ्यात घातला. वाजवू लागला. आवर्तन संपलं, काठी वर थांबली.

काहीच आलं नाही.

काठी पुन्हा खाली आली, आणि नेमक्या त्याच क्षणी डोंगर बोलला. ठोका आणि पडसाद एकमेकांच्या अंगावर पडले. दुसऱ्या आवर्तनानंतर तेच. तिसऱ्यानंतर तेच. बाज्याच्या कपाळावर आठी उमटली. त्यानं ढोल जरा सावरला, पाय रोवले, जणू चूक उभं राहण्याची होती. पण दर वेळी तो वाट बघायचा तेव्हा डोंगर गप्प असायचा आणि तो बोलू लागला की डोंगर त्याच्या बोलण्यावर बोलायचा. वितुष्ट आलेल्या घरात दोन माणसं बोलतात तसं चाललं होतं.

त्यानं काठी खाली घेतली. रिनाला काही म्हणाला.

"म्हणतात, डोंगर चुकतोय."

डोंगर चुकत नव्हता, हे कुंदनला पहिल्याच आवर्तनात कळलं होतं. जुनं अंगण नदीपाशी, डोंगराच्या जवळ होतं. पाणी चढलं आणि काठ मागे सरकला; आता ते उभे होते ती जागा कितीतरी वर, कितीतरी दूर. आवाजाला जायला आणि परत यायला जास्त वेळ लागत होता. बाज्याच्या हातात जो श्वास होता तो त्या अंगणाच्या मापाचा होता. तो श्वास भरून निघेल अशी पृथ्वीवर एकच जागा होती आणि तिथे पाणकावळा पंख वाळवत होता.

"बाबांना जरा जास्त थांबायला सांगा," तो म्हणाला. "जबाब येईपर्यंत काठी वरच ठेवायची."

बाज्यानं प्रयत्न केला. मान हलवून केला, ओठ हलवून केला. एकदा थांबला तर डावा हात पुढे निघून गेला; एकदा दोन्ही हात थांबले आणि मग ताल कुठून धरायचा तेच त्याला सापडेना. सत्तरएक वर्षांच्या हाताला दुसरं माप शिकवायला दुपार पुरत नाही. थरथर वाढली. काठी ढोलाच्या कड्यावर घसरली आणि एक किरटा, लाजिरवाणा आवाज पाण्यावरून निघून गेला. थोड्या वेळानं डोंगरानं तोही परत पाठवला.

भटू लांब दगडावर बसून होता.

कुंदन संगणक मांडीवर घेऊन खडकाच्या सावलीत बसला. चौथ्या माइकच्या आवाजाची संगणकावरची पट्टी मागे सरकवली तर? जबाब उशिरा आला असला तरी तो वेगळ्या माइकवर आहे. उचलून रिकाम्या जागेत ठेवता येईल. त्यानं पट्टी सरकवली आणि ऐकलं. जबाब जागेवर आला. पण त्याच्यासोबत ढोलही आला, कारण त्या माइकनं डोंगराकडे तोंड केलं असलं तरी पाठीमागचा ढोल त्यालाही ऐकू येत होता. प्रत्येक ठोक्याच्या आधी आता त्याचंच भूत चालत होतं. ते कापायला जावं, तर पडसाद आणि पुढचा ठोका एकाच क्षणी माइकच्या एकाच पडद्यावर आदळलेले. दोन रंग पाण्यात मिसळावेत तसे. कुठलंही बटण ते वेगळे करू शकत नव्हतं. ढोलाच्या दोन तोंडांचं भांडण त्यानं मिटवलं होतं. ढोल आणि डोंगर यांच्यामध्ये त्याला जागाच नव्हती.

एक रस्ता उरला होता.

"रिनाताई," तो म्हणाला, "एकच ठोका. बाबांनी एकच ठोका मारायचा आणि गप्प उभं राहायचं. डोंगराचा जबाब स्वच्छ, एकटा मिळेल. मग मी तो बरोबर जागेवर बसवून देतो. कुणालाच कळणार नाही."

"मी तुम्हाला त्या दिवशी म्हटलं होतं. एकटा ठोका ते मारत नाहीत."

"का पण?"

"एकटा ठोका माणूस गेल्यावर मारतात. मारायचा, थांबायचं, परत मारायचा. पाड्यापाड्यावर कळतं. कामं टाकून लोक निघतात. उगाच मारला तर तो कुणाच्या तरी नावावर जातो."

कुंदननं संगणक मिटला. त्याला आठवलं, वसाहतीत पहिल्याच दिवशी, नुसता आवाज मोजायला, त्यानं हसत हसत काय मागितलं होतं. त्या म्हाताऱ्यानंही किती सहज, हसूनच, ते टाळलं होतं.

"त्यांना सांगू नका मी काय म्हणालो ते."

"नाही सांगत."

"मी आणून देतो म्हणालो होतो," तो म्हणाला. रिनानं बाटलीतलं पाणी आज्याला नेऊन दिलं.

बाज्या पाणी प्यायला. मग हळू आवाजात बोलू लागला, थांबून थांबून, आणि रिना जागच्या जागी उभी राहिली. कुंदननं नजरेनंच विचारलं, पण ती सगळं ऐकून होईपर्यंत वळली नाही.

"म्हणतात, डोंगराचा दोष नाही," ती म्हणाली. "याला कुणी कळवलंच नव्हतं. अंगण गेलं, गाव गेलं, आपण ट्रकात बसलो, ढोलसुद्धा गोधडीत गुंडाळून नेला. कुणी एक ठोका मारला नाही. तो आपला अजून जुन्या हिशेबानं वाट बघतोय, आणि गोंधळतोय."

"म्हणजे?"

रिनाला उत्तर द्यावं लागलं नाही. बाज्यानं ढोल पुन्हा गळ्यात घेतला होता. तो पाण्याच्या अगदी कडेला गेला, इतका की पाऊल भिजलं. तळहात त्यानं कातड्यावरून काढून घेतला. काठी वर गेली, आणि त्या क्षणी तिच्यात कसलीही थरथर नव्हती.

एक ठोका.

तो पाण्यावरून सरकत गेला. पाणकावळा उडाला. मग शांतता पसरली, पाण्याइतकी रुंद, आणि तिच्या शेवटाला डोंगरानं तो ठोका जसाच्या तसा परत दिला. स्वच्छ. एकटा. त्याच्या मागे-पुढे काही नव्हतं.

रेकॉर्डर सुरूच होता. कुंदनच्या कानांत ते सगळं येत होतं, आणि तो जे मागायला गेला होता, जे मिळवून देण्याचं वचन देऊन बसला होता, ते आता एकेक करून, न मागता, निर्दोष स्वरूपात साठत होतं. ठोका. वाट. जबाब. यातला एक उचलून त्या रिकाम्या जागांमध्ये बसवला असता तर बाज्याचा ताल पुरा झाला असता. इतका पुरा की होळीला वसाहतीतल्या भोंग्यांवर लावता आला असता. बंद करावं असं त्याला वाटलं. बोट बटणापर्यंत गेलं. पण बंद करणंही त्या ठोक्यात हात घालणं होतं, आणि चालू ठेवणंही.

भटू दगडावरून उठून उभा राहिला होता. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला.

बाज्या पुन्हा मारायचा, पुन्हा थांबायचा. आता मात्र त्याचा थांबा डोंगराच्या मापाचा होता. जबाब आला की मगच काठी उठत होती. ताल सोडून दिल्यावर त्या दोघांचं पुन्हा जुळलं होतं.

मग हेडफोनमध्ये, लांब नळीच्या माइकमधून, दुसरंच काही आलं. कुंदननं मान वर केली. पलीकडच्या कड्यावर, झोपड्यांपाशी, माणसं बाहेर आली होती. दोघं-तिघं उतारावरून पाण्याकडे धावत येत होते. मागून एक बाई डोक्यावरची पाटी तशीच टाकून निघाली होती. त्यांच्यातल्या एकानं तोंडाभोवती हात धरून लांब हाळी घातली. ती या काठावर पोहोचली तेव्हा नुसता सूर झाली होती, पण माइकनं तिच्यातले शब्द धरून ठेवले होते. कुंदनला ती बोली येत नव्हती.

त्यानं हेडफोन काढून रिनाच्या कानाला लावले. "काय म्हणतायत?"

तिनं ऐकलं. हाळी पुन्हा आली.

"विचारतायत," ती म्हणाली, "कोण गेलं?"

बाज्याची काठी वर थांबली होती. त्यानं नातीकडे पाहिलं. त्याचं ओरडणं एवढ्या लांब पोहोचण्यासारखं उरलं नव्हतं. पलीकडचे लोक पाण्याशी येऊन उभे राहिले होते आणि हात कपाळाला लावून इकडे बघत होते. त्यांना एक नाव हवं होतं. रिनानं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मग कुंदनकडे वळून बघितलं, जणू तो शिकलेला होता, जणू त्याच्या रेकॉर्डरच्या पेटीत कुठे तरी ते नाव असेल.

माइक चालू होता. त्यात पाणी होतं आणि पुन्हा एकदा ती हाळी.